गांगचॉनची रेलबाईक: घरच्यांना घेऊन जाताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

दक्षिण कोरियातल्या गांगचॉन रेल पार्कच्या रेलबाईकवर, म्हणजे जुन्या रेल्वे रुळांवर पेडल मारत चालवायच्या गाडीवर, बसायचं असेल तर गांगचॉन स्टेशनवर उतरू नका. नाव गांगचॉनचं असलं तरी गाड्या सुटतात पुढच्या स्टेशनहून, म्हणजे किमयुजॉंगहून. सोलहून मुलाबाळांना घेऊन निघालेली कुटुंबं नेमकी इथे फसतात. गांगचॉनला उतरतात, पाट्या शोधतात, पुढच्या मेट्रोची वाट बघत बसतात आणि तोवर त्यांची फेरी निघून गेलेली असते.

बाकीच्या चुकाही बहुतेक अशाच, पेडलला पाय लागण्याआधीच्या. भलत्याच रेल पार्कचं तिकीट, गाड्यांमध्ये माणसांची वेडीवाकडी वाटणी, चाकात अडकणारे कपडे. प्रत्यक्ष चालवणं त्या मानाने सोपं आहे. म्हणून इथे तयारीवर जास्त भर दिला आहे.

आधी अख्खा मार्ग डोक्यात बसवून घ्या. तो एकेरी आहे. किमयुजॉंगहून सुमारे ६ किलोमीटर तुम्ही पेडल मारत बुखान नदीच्या बाजूने जाता. नांगू गावच्या थांब्यावर रेलबाईक सोडायची. तिथून साधारण अडीच किलोमीटर एक छोटी पर्यटक रेल्वे गांगचॉनच्या जुन्या स्टेशनपर्यंत नेते. मग रेल पार्कची बस सगळ्यांना परत किमयुजॉंगला आणून सोडते. फेरी सुटल्यापासून बसमधून उतरेपर्यंत दोन तास धरून चाला. हे रूळ सोल ते चुन्चॉन या शहरांना जोडणाऱ्या जुन्या ग्यॉंगचुन रेल्वेमार्गाचे. डिसेंबर २०१० मध्ये नवा दुहेरी विद्युत मार्ग सुरू झाला आणि हे मोकळे झाले. त्यामुळे समोरून खरी रेल्वे यायची भीती नाही.

१. कोणतं रेल पार्क, ते आधी नक्की करा

सोलच्या याच दिशेला दोन रेलबाईक आहेत आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात.

पहिली गांगचॉनची, जिच्याबद्दल हा लेख आहे: एकेरी मार्ग, बोगदे, शेवटी छोटी रेल्वे. दुसरी गाप्यॉंगची. ती गाप्यॉंग स्टेशनच्या बाजूने निघते, नदीवरचा उंच लोखंडी पूल ओलांडते आणि त्याच वाटेने परत येते. जाऊन-येऊन सुमारे ८ किलोमीटर. नामी या नदीतल्या पर्यटन बेटाला जाणाऱ्यांना गाप्यॉंग जवळ पडतं. नामी बेट, बाग आणि रेलबाईक अशी एका दिवसाची जी बससहल विकली जाते, तिच्यात यांपैकी कोणतीही असू शकते. जाहिरातीतल्या फोटोवरून ओळखायला जाऊ नका, कारण दोन्हीकडे नदी आहे आणि दोन्हीकडे डोंगर आहेत. निघण्याच्या ठिकाणाचं नाव वाचा.

कोणती घ्यावी? पुलाच्या उंचीची भीती वाटणारं कोणी घरात असेल तर गांगचॉन. अंधाराला घाबरणारं अगदी लहान मूल असेल तर गाप्यॉंगचा विचार करा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना गांगचॉन बरी, कारण वाट बरीचशी हलक्या उताराची आहे.

जॉंगसॉन आणि सामचॉक इथल्या रेलबाईकही प्रसिद्ध आहेत, पण त्या गांगवॉन प्रांतात खूप लांब, जॉंगसॉनची डोंगरांत आणि सामचॉकची समुद्राकाठी. सोलहून सकाळी निघून संध्याकाळी परत यायच्या बेतात त्या बसत नाहीत.

तपासा: बुकिंगच्या पावतीवर निघण्याचं ठिकाण ‘किमयुजॉंग’ असं आहे ना? फक्त ‘गांगचॉन रेल पार्क’ एवढंच लिहिलं असेल तरी जायचं किमयुजॉंगलाच.

२. माणसं मोजा आणि गाड्या वाटा

गाड्या दोनच प्रकारच्या असतात, दोघांची आणि चौघांची. भाडं माणशी नसून गाडीमागे आहे. तिघं चौघांच्या गाडीत बसले तरी भाडं पूर्णच पडतं. पाचवं माणूस मांडीवर घेऊन जमवून घेऊ, हा आपला आवडता उपाय इथे चालत नाही.

वाटणी करताना ‘कोण कोणाशेजारी बसणार’ याआधी एक प्रश्न विचारा: या गाडीला ढकलणार कोण? चार माणसं मिळून अडीचशे किलोच्या वर सहज जातात, शिवाय गाडीचं लोखंड वेगळं. उतारावर ते जाणवत नाही. सपाट भागात मात्र एकटा बाबा पेडल मारतोय आणि बाकीचे तिघं नदी बघतायत, असं झालं की पाचव्या मिनिटाला मांड्या भरून येतात. ठोकताळा असा ठेवा: चौघांच्या गाडीत दमाची दोन माणसं हवीत, दोघांच्या गाडीत एक.

आई-बाबा आणि दोन मुलं असतील तर चौघांची एक गाडी. इथे विचार करायला फारसं काही नाही.

आई-बाबा आणि तीन मुलं असतील तर चौघांची एक आणि दोघांची एक. सर्वांत धाकटं मूल आई किंवा बाबांपैकी एकाबरोबर दोघांच्या गाडीत बसवा. दुसऱ्या मोठ्या माणसाबरोबर थोरली दोन मुलं चौघांच्या गाडीत जातील. लोक नेमकं उलट करतात: आई-बाबा धाकट्याला घेऊन मोठ्या गाडीत आणि थोरली दोन मुलं ‘आम्ही आमचे जातो’ म्हणून वेगळ्या गाडीत. तसं करू नका. प्रत्येक गाडीचा ब्रेक मोठ्या माणसाच्याच हातात हवा.

आजी-आजोबा धरून सहा जण असतील तर विचार करायलाच हवा. आजी-आजोबांना हौसेने दोघांच्या गाडीत बसवून द्यायचा मोह होतो, फोटोही छान येतो. पण ती गाडी अर्ध्या वाटेत रेंगाळली की मागची सगळी रांग अडते. आई, बाबा, आजी आणि धाकटं मूल चौघांच्या गाडीत. आजोबा धडधाकट असतील तर थोरल्या नातवंडासह दोघांच्या गाडीत, ही वाटणी जास्त टिकते.

एखाद्याला बसायचंच नसेल तर त्याने किमयुजॉंगलाच थांबावं. बस परत तिथेच येते. ‘तुम्ही पुढे गांगचॉनला भेटा’ असं सांगून आजीला मेट्रोत बसवू नका. छोटी रेल्वे जुन्या गांगचॉन स्टेशनला जाते आणि मेट्रो नव्या. दोन्ही वेगवेगळ्या जागी आहेत. किमयुजॉंगला वेळ घालवायला जागा भरपूर आहे. जुन्या स्टेशनची जपून ठेवलेली इमारत आहे आणि ज्या लेखकाच्या नावाने स्टेशन ओळखलं जातं त्याचं साहित्य-ग्राम चालत जाण्याइतकं जवळ आहे.

इशारा: गरोदर असाल, पाठीची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर बसू नका. रुळांच्या सांध्यांवर गाडी ठकठक हादरते आणि मधेच उतरायची सोय नाही. तान्ह्या बाळाला न्यायचं असेल तर ते प्रवासी म्हणून मोजतात का, हे तिकीट घेतानाच विचारा. फलाटावर पोचल्यावर वाद घालून उपयोग होत नाही.

३. तिकीट आणि फेरीची वेळ

फेऱ्या ठरलेल्या वेळी सुटतात आणि एका फेरीतल्या सगळ्या गाड्या एकामागोमाग निघतात. चेरीच्या बहरात, ऑक्टोबरच्या उत्तरार्धातल्या पानगळीच्या रंगांत आणि कोणत्याही शनिवार-रविवारी आधी बुकिंग न करता जाणं म्हणजे पैज लावण्यासारखं. स्थानिक संकेतस्थळावर परदेशी फोन नंबर आणि कार्ड अडकतात, म्हणून आपल्यासारखे लोक क्लूक किंवा केकेडे या ॲपवरून घेतात. तिथे दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा. एक, तुम्ही गाडी निवडली आहे की माणसं? चार जणांसाठी ‘चार नग’ निवडून चार गाड्या बुक करून बसणारे कमी नाहीत. दोन, ठरावीक वेळ मिळाली आहे की नुसतं कुपन, जे खिडकीवर दाखवून वेळ घ्यावी लागते?

दोन गाड्या लागणार असतील तर एकाच वेळी, एकाच फेरीच्या घ्या.

वेळ कोणती? सकाळची, शक्यतो दुसरी किंवा तिसरी फेरी. पहिल्या फेरीसाठी सोलहून फार लवकर निघावं लागतं आणि मुलं रुळावर पेंगतात. दुपारी उन्हाळ्यात डोक्यावर ऊन येतं. संध्याकाळची फेरी चुकली तर पुढची नसते, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी उशिराच्या फेऱ्या कमी होतात. त्याच दिवशी नामी बेटही करायचं असेल तर रेलबाईक आधी उरका. बेटाला जायला फेरीबोटी दिवसभर ये-जा करतात. रेलबाईकची वेळ मात्र तुमच्यासाठी थांबत नाही.

पाऊस? कोरियाचा मोसमी पाऊस साधारण जूनच्या शेवटी सुरू होतो आणि जुलैभर असतो. रिमझिम असली म्हणून फेरी रद्द होईल असं गृहीत धरू नका. रद्द करण्याचे नियम पैसे भरण्याआधी वाचा. जुलैतली तारीख टाळता आली तर टाळाच.

४. कपडे, सामान, खाऊ

पेडल, साखळी आणि चाकं पायांच्या अगदी जवळ फिरत असतात. त्यामुळे साडी, लांब ओढणी, घेरदार पलाझो, झुलणारा मफलर हे सगळं त्या दिवशी बॅगेतही नको. आजी साडीच नेसणार असतील तर पदर खोचून आणि निऱ्या वर घेऊन भागेल असं मानू नका. खाली पँट, वर कुर्ता हा एकच सुरक्षित तोडगा. बुटांच्या नाड्या गाठ मारून आत खोचा. चपला, सॅंडल, टाचांचे बूट पेडलवरून निसटतात आणि निसटलेली चप्पल रुळावर राहते.

ऋतूप्रमाणे बदल लागतो तो असा. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एक पातळ जॅकेट पुरतं, कारण बाहेर ऊन असलं तरी बोगद्यात एकदम गार वाटतं. डिसेंबर ते फेब्रुवारी चुन्चॉन भागात पारा शून्याच्या बराच खाली जातो. बसून वाऱ्याला तोंड देताना ती थंडी आणखी बोचते. हातमोजे, कानटोपी, दोन थर मोजे आणि मुलांसाठी छोटं पांघरूण हवंच. पुण्याच्या थंडीसाठी घेतलेला स्वेटर तिथे काहीच कामाचा नाही. पावसात रेनकोट घाला. छत्री उघडलीत तर शेजाऱ्याला आणि मागच्याला दोघांनाही त्रास, शिवाय वाऱ्याने ती उलटते.

टोपी हवी, पण हनुवटीखाली बांधता येणारी.

सामान जितकं कमी तितकं बरं. सुटकेस घेऊन थेट विमानतळाकडे जाण्याआधी रेलबाईक, असा बेत आखू नका. छोटी पाठपिशवी मांडीवर किंवा दोन्ही खांद्यांवर राहील अशी ठेवा. खांद्यावरून एका पट्ट्याने लोंबणारी पिशवी साखळीकडे घसरते. फोनला गळ्यातली दोरी लावा. हातात धरलेला फोन रुळाच्या सांध्यावर एका धक्क्याने खाली जातो आणि तो उचलायला उतरता येत नाही.

खाण्याचं सांगायचं तर शाकाहारी कुटुंबांनी थांब्यावरच्या टपऱ्यांवर विसंबू नये. टोकबोक्की दिसायला तांदळाच्या कांड्या आणि तिखट रस्सा, पण त्या रश्श्यात बहुधा माशाचा अर्क असतो आणि माशाच्या वड्यांचे तुकडेही. काडीला टोचलेला ओमुक म्हणजे तर माशाचीच वडी. दशम्या, धपाटे, लाडू, शेंगदाण्याची चिक्की असं कोरडं काही जवळ ठेवा आणि ते थांब्यावर खा. गाडी चालू असताना डबा उघडायचा नाही. पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत घ्या.

५. सोलहून किमयुजॉंगला

दोन मार्ग आहेत.

मेट्रोचा मार्ग सरळ आहे. सांगबोंग स्टेशनहून ग्यॉंगचुन लाइनची चुन्चॉनकडे जाणारी गाडी पकडा. तीच थेट किमयुजॉंगला थांबते. सव्वा तास धरा. टी-मनी, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, चालतं. सांगबोंगला सात नंबरची लाइन येते, म्हणून शहरातून पोचणं अवघड नाही. अडचण एकच, या लाइनवर गाड्या शहरातल्यासारख्या तीन-चार मिनिटांनी येत नाहीत. एक चुकली की अर्धा तास जाऊ शकतो. आणि गाडीत स्वच्छतागृह नसतं, त्यामुळे लहान मुलांना सांगबोंगलाच नेऊन आणा.

दुसरा मार्ग आयटीएक्स-चॉंगचुन या जलद गाडीचा. ती योंगसान आणि चॉंगन्यांगनीहून निघते, आसनं राखीव असतात, स्वच्छतागृह असतं आणि चौथा-पाचवा डबा दुमजली असतो. मुलांना वरच्या मजल्याची जागा मिळाली तर अर्धी सहल तिथेच वसूल. पण ही गाडी किमयुजॉंगला थांबत नाही. नामचुन्चॉनला उतरा आणि सोलकडे जाणाऱ्या मेट्रोने एक स्टेशन मागे या. गाडी बदलायला लागणारा वेळ धरून हिशेब करा. टी-मनी कार्ड टेकवून आयटीएक्समध्ये चढू नका; तिचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

रस्ता शोधायला नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घरूनच उतरवून ठेवा.

किमयुजॉंग स्टेशनबाहेर आलं की रेल पार्क चालत पाचेक मिनिटांवर आहे. एकावर एक रचलेल्या प्रचंड पुस्तकांसारखी भिंत दिसली की पोचलात.

तपासा: फेरीच्या वेळेआधी निदान ३० मिनिटं पार्कात हजर असा. कुपनचं तिकीट करून घ्यायचं असेल किंवा सहा जण असतील तर ४५.

६. बसण्याआधीची पाच मिनिटं

तिकीट हातात आलं की लगेच फलाटाकडे धावू नका. क्रम असा ठेवा: आधी सगळ्यांनी स्वच्छतागृह, मग नाड्या आणि पिशव्या, मग रांग. ‘मला आता लागली नाहीये’ असं म्हणणाऱ्या मुलालाही पाठवा. पुढची सोय थेट नांगू थांब्यावर.

दोन गाड्या असतील तर रांगेत एकमेकांना चिकटून उभे राहा. मधे दुसरं कुटुंब आलं तर शेवटपर्यंत तेच मधे राहतं, कारण रुळावर कोणालाच ओलांडता येत नाही.

गाडीत बसल्यावर हे सगळं हाताने तपासा, नुसतं बघून सोडू नका.

पट्टा प्रत्येकाने लावला आहे आणि ओढून पाहिल्यावर सुटत नाही.

आसन आणि पेडलमधलं अंतर. खुर्चीत टेकून बसून पाय पुढे टाकायची ही रचना आहे, सायकलसारखं वर बसायचं नाही. पेडल सर्वांत लांब असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. आसन फार पुढे ठेवलं तर गुडघे छातीशी येतात, आणि गुडघे दुखल्याची तक्रार बहुतेक याच कारणाने असते. फार मागे ठेवलं तर माणूस घसरत बसतो आणि कंबर धरते.

मुलांचे पाय. पेडलपर्यंत पाय पोचत नसतील तर ते लोंबकळत ठेवू नका. दुसऱ्याच्या जोराने मुलासमोरचं पेडल फिरतं का, हे जागेवरच करून बघा. फिरत असेल तर मुलाला पाय कुठे ठेवायचे ते आधीच दाखवा, कारण फिरतं पेडल नडगीवर चांगलं लागतं.

ब्रेकची दांडी. ती कोणत्या आसनाजवळ आहे ते पाहा आणि तिथे मोठं माणूस बसवा. तोच माणूस व्हिडिओ काढणार नाही, हेही तेव्हाच ठरवा. दोन्ही कामं एका हाताने होत नाहीत आणि पुढच्या गाडीवर आपटणारी गाडी बहुधा हौशी छायाचित्रकाराची असते.

कर्मचारी सूचना कोरियनमध्ये भराभर सांगतात. भाषा कळली नाही तरी त्यांचे हात बघा: दांडी कशी ओढायची, किती अंतर ठेवायचं, ते दाखवतात. शंका असेल तर पापागो या भाषांतराच्या ॲपवर लिहून विचारा. सुटायच्या आत विचारलं तर कोणी वैतागत नाही.

७. रुळावर

पहिले शंभर मीटर जोर लागतो, मग गाडी आपसूक पळते. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी रेटा घेतं, म्हणून एकदा वेग आला की पेडल न मारताही ती बरीच जाते. याच कारणाने ती थांबायलाही वेळ घेते. रबरी टायरची पकड इथे नाही. दांडी आधीपासून, हळूहळू ओढायची. करकचून एकदम ओढली तर चाकं जाम होतात आणि गाडी तशीच घसरत राहते. ओल्या रुळावर तर नक्कीच.

अंतर किती? कर्मचारी सांगतील तेवढं. काही कळलंच नसेल तर निदान एका एसटी बसच्या लांबीएवढं, उतारावर आणि पावसात त्याच्या दुप्पट. समोरची गाडी मंद आहे म्हणून तिच्या पाठीला लागू नका. तिच्या पुढेही कोणी मंद असणारच. सगळी फेरी सर्वांत सावकाश गाडीच्या वेगाने जाते. ते मान्य केलं की चिडचिड संपते. उलट तुम्हीच सर्वांत सावकाश असाल तर बिचकू नका, पण थांबूही नका.

थांबू नका हे पुन्हा सांगायला हवं, कारण सर्वाधिक धडका इथेच होतात. नदीचं वळण आलं, कोणीतरी म्हणतं ‘एक मिनिट’, गाडी उभी राहते आणि मागून ठोकर बसते. थांबावंच लागलं तर आधी हात वर करून मागच्यांना दाखवा, मग ब्रेक. हात-पाय गाडीबाहेर काढू नका. ठोकर बसली तर चिमटतात ते बाहेर राहिलेले हात. सेल्फी-स्टिक बॅगेतच राहू द्या.

वाटेत चार बोगदे लागतात. काहींत रंगीत दिवे आणि मोठ्याने वाजणारं संगीत असतं. तोंडाशी येण्याआधी गॉगल काढा आणि वेग थोडा कमी करा, कारण उन्हातून आत गेल्यावर दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही, आणि समोरचे लोक नेमके तिथे रमतात. लहान मुलाला आधीच सांगून ठेवा की आता अंधार होणार आणि गाणं वाजणार. आवाजाने बिथरणारं मूल असेल तर कानावर टोपी ओढून द्या.

रस्ता रूळ ओलांडतो तिथे वेग आधीच कमी करा आणि इशाऱ्याप्रमाणे जा. आपण रेल्वेत आहोत म्हणून फाटक आपल्यासाठीच बंद असणार, असं समजू नका.

काही खाली पडलं तर? पडू द्या. जागा लक्षात ठेवा आणि थांब्यावर सांगा. उतरून मागे धावणारा माणूस मागून येणाऱ्या गाडीसमोर असतो. साखळी अडकली, गाडी जड झाली किंवा पेडल सैल वाटलं तरी उतरायचं नाही. हात वर करून मागच्यांना थांबवा आणि कर्मचाऱ्यांची वाट पाहा.

नांगूच्या आधी एका ठिकाणी यंत्र आपोआप फोटो काढतं. तिथेही वेग बदलायचा नाही, नुसतं वर बघा. फोटो थांब्यावर विकत मिळतो, घ्यायलाच हवा असं नाही.

८. थांबा, छोटी रेल्वे आणि बस

थांब्याजवळ येताना लोक सैल पडतात. तिथे गाड्या एकापाठोपाठ येऊन उभ्या राहतात, म्हणून शेवटचे ५० मीटर ब्रेकवर हात ठेवूनच जा. गाडी पूर्ण थांबून कर्मचाऱ्याने खूण केल्याशिवाय पट्टा सोडू नका. उतरताना आधी मोठं माणूस, मग मुलं, मग सामान. गाडी परत येणार नाही, त्यामुळे आसनांखाली बघून घ्या. पाण्याच्या बाटल्या आणि मुलांचे हातमोजे इथेच राहतात.

मग लगेच स्वच्छतागृह, त्यानंतर खाऊ. उलट क्रमाने गेलात तर छोटी रेल्वे लागते आणि मूल रांगेत असतं. जॅकेट काढून पिशवीत कोंबू नका. पेडल मारून घाम आलेला असतो आणि पुढच्या प्रवासात नुसतं बसून राहायचं असतं. सर्दी होते ती तिथे.

जुन्या गांगचॉन स्टेशनला उतरल्यावर बसच्या रांगेत थेट जा. गर्दीच्या दिवशी पहिली बस भरते, दुसरीत जागा मिळते. पुढे गांगचॉनहूनच मेट्रो पकडायची असेल तर बस सोडून देता येते, पण नवं स्टेशन जवळच असेल असं समजून लहान मुलांसह चालत सुटू नका. नकाशावर अंतर बघा, टॅक्सी करा.

९. जेवण आणि परतीची गाडी

या भागातलं नावाजलेलं जेवण म्हणजे दाक्कालबी: तिखट मसाल्यात मुरवलेलं चिकन, कोबी आणि रताळी, मोठ्या तव्यावर तुमच्या समोर परततात. चिकन खाणाऱ्या मराठी कुटुंबांना ते सहसा आवडतं. मुलांसाठी कमी तिखट मागा. शाकाहारींसाठी माक्कुक्सू, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या थंड शेवया, हा सोपा पर्याय वाटतो. पण वर अंडं असतं आणि पाणी बहुधा मांसाच्या अर्काचं. मागवण्याआधी पापागोवर ‘मांस, मासे, अंडं आणि त्यांचा अर्क नको’ असं पूर्ण वाक्य दाखवा. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर वरचे तुकडे काढून तोच रस्सा समोर येतो.

परतीचं आयटीएक्स तिकीट सकाळीच काढून ठेवा. रविवारी संध्याकाळी सोलकडे जाणाऱ्या गाड्या आधीच भरतात आणि मग दमलेली मुलं मेट्रोत सव्वा तास उभी राहतात. वेळ निवडताना रेलबाईकच्या फेरीपासून किमान साडेतीन तास सोडा. त्यातले दोन तास फेरीचे, एक जेवणाचा आणि उरलेला नामचुन्चॉनला पोचायचा. नामी बेट करायचं असेल तर किमयुजॉंगहून सोलच्या दिशेने चौथं स्टेशन गाप्यॉंग. मेट्रोने तिथे उतरा आणि आयटीएक्सचं तिकीट गाप्यॉंगहूनच काढा, म्हणजे पुन्हा चुन्चॉनकडे मागे यावं लागणार नाही.